शुक्रवार ते रविवार, भरतीच्या वेळेनं

किनाऱ्यावरच्या रिसॉर्टचे फोटो बहुतेक भरतीच्या वेळी काढलेले असतात. पाणी पायऱ्यांपर्यंत आलेलं, वाळू धुऊन निघालेली, सगळं कसं हाताशी. मुलांना घेऊन आपण पोचतो ती वेळ ओहोटीची असली तर तेच पाणी दीडशे मीटर मागे गेलेलं असतं आणि मधे ओली, कुठे कुठे पायाला ओढणारी वाळू पसरलेली असते. यात रिसॉर्टनं फसवलेलं नसतं. समुद्राची वेळ कुणी विचारलेलीच नसते.

म्हणून लहान मुलांबरोबर दोन रात्रींसाठी जायचं असेल तर खोलीच्या आधी त्या ठिकाणचं, त्या तारखांचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघावं. पाण्यात कधी उतरायचं, वाळूचा किल्ला कधी बांधायचा, दुपारी कधी झोपायचं, रविवारी खोली कधी सोडायची, हे सगळं त्यावरूनच ठरतं. जगातल्या बऱ्याच किनाऱ्यांवर दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. एका भरतीपासून पुढची भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी येते, त्यामुळे तीच भरती दुसऱ्या दिवशी सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. काही किनाऱ्यांवर दिवसात एकच भरती होते, आणि भूमध्य समुद्रासारख्या ठिकाणी बहुतेक किनाऱ्यांवर पाण्याची चढउतार जेमतेम जाणवते. तिथे पुढचा बराचसा हिशोब सोडून द्यावा.

इथे नमुन्याला एक शनिवार-रविवार धरला आहे. शुक्रवारी ओहोटी संध्याकाळी ५:१० ला. शनिवारी पहाटे ५:३५ ला ओहोटी, ११:४५ ला भरती, संध्याकाळी ६ ला पुन्हा ओहोटी. रविवारी सकाळी ६:२५ ला ओहोटी आणि १२:३५ ला भरती. भरती आणि ओहोटीच्या पातळीत ३ मीटरचा फरक, किनारा सपाट, म्हणजे ५० मीटर चाललं की १ मीटर उतार. मुलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी हे गणित फार सोयीचं आहे. सकाळी पाणी चढत असतं, टळटळीत उन्हात भरती लागते आणि संध्याकाळी मोकळी वाळू मिळते. तारखा आपल्या हातात असतील तर असाच आठवडा निवडावा. मुलं अगदी लहान असतील तर अष्टमीच्या आसपासचा, भांगाच्या भरतीचा शनिवार-रविवार बघावा, कारण तेव्हा चढउतार कमी असते. अमावस्या-पौर्णिमेला आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण असतं. तेव्हा पाणी खूप वर येतं आणि खूप आतही जातं. खडकांतले जीव बघायला हे दिवस उत्तम, तीन वर्षांच्या मुलाला डुंबायला तितकेसे नाहीत.

बुकिंग करताना फोनवर चारच गोष्टी विचाराव्यात. किनाऱ्यावर जीवरक्षक असतो का, आणि किती ते किती? मुलांचा पोहण्याचा तलाव मोठ्या तलावापासून वेगळा आहे का, तो किती खोल आहे? खोलीच्या दारापासून पाण्यापर्यंत मधे रस्ता लागतो का? रात्रीचं जेवण किती वाजता सुरू होतं? शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण जेवण साडेआठला सुरू होणार असेल तर दिवसभर पाण्यात खेळलेलं चार वर्षांचं मूल तोवर उपाशीच झोपी जातं.

शुक्रवार, दुपारी चार ते रात्री

खोलीत शिरल्यावर बॅगा उघडण्याआधी दहा मिनिटं खोलीला द्यावीत. आधी बाल्कनी. कठड्याच्या दोन गजांमधली फट १० सेंटिमीटरपेक्षा कमी असावी. आपली मूठ आडवी धरून ती सहज पलीकडे गेली, तर फट जास्त आहे असं समजावं. बाल्कनीतली खुर्ची आणि टेबल आत घ्यावं, कारण मूल कठडा चढत नाही, खुर्चीवर चढतं आणि तिथून कठड्यावर जातं. मग तलावाच्या किंवा किनाऱ्याच्या बाजूला उघडणारं दार. त्याची कडी मुलाच्या हातापेक्षा उंच आहे का हे बघावं. नसेल तर स्वागतकक्षात सांगून वरची कडी लावून घ्यावी किंवा खोली बदलून मागावी. तळमजल्याची खोली सोयीची वाटते, पण तिथून तलाव वीस पावलांवर असतो आणि पहाटे सगळे झोपेत असताना जागं झालेलं मूल वीस पावलं सहज चालतं. शेवटी न्हाणीघरातला गरम पाण्याचा नळ स्वतःच्या मनगटावर सोडून बघावा. काही ठिकाणी पाणी एकदम कढत येतं.

यानंतर थेट किनाऱ्यावर जावं. पोहायला नव्हे, बघायला. आपल्या नमुन्यात ५:१० ला ओहोटी आहे, म्हणजे उद्या सकाळी जिथे मुलं डुंबणार आहेत ती जमीन आता उघडी पडलेली आहे. ही संध्याकाळ वाया घालवू नये. उद्या पाण्याखाली जाणारं सगळं आज डोळ्यांनी दिसतं.

बघायचं काय? वाळूत किनाऱ्याला समांतर लांबट उंचवटे दिसतात, त्यांना मधेच छेदून समुद्राकडे जाणाऱ्या घळी दिसतात का ते बघावं. लाटांनी किनाऱ्याकडे लोटलेलं पाणी परत जाताना अशाच घळीतून जातं. उद्या ती घळ पाण्याखाली गेली की तिथे समुद्राकडे ओढणारा प्रवाह तयार होऊ शकतो. खडक, धक्का किंवा दगडी बांध यांच्या कडेलाही अशी ओढ असते. एखाद्या ओढ्याचं किंवा गटाराचं पाणी कुठे मिसळतं तेही पाहून ठेवावं. मोठा पाऊस झाला असेल तर त्या तोंडापाशी निदान दोन दिवस मुलांना पाण्यात सोडू नये. काचा, जाळ्यांचे तुकडे, शिंपल्यांनी धारदार झालेले दगड हेही याच वेळी दिसतात. जिथे घळ नाही, दगड नाही, उतार सावकाश आहे, अशी तीस-चाळीस मीटर रुंदीची पट्टी निवडावी. तिच्या समोर जमिनीवर काय आहे ते लक्षात ठेवावं: एखादं वेगळं झाड, मनोरा, रंगीत छप्पर. मोबाइलवर फोटो काढून ठेवला तर उत्तम, कारण सकाळी पाणी भरल्यावर सगळा किनारा सारखाच दिसतो.

याच फेरीत भरतीची रेघ शोधावी. सुकलेलं शेवाळ, काटक्या, शिंपल्यांचा चुरा यांची एक वाकडीतिकडी माळ वाळूवर पडलेली असते. पाणी गेल्या खेपेला कुठवर आलं होतं ते तिच्यावरून कळतं. उद्या चटई, बूट, पिशव्या सगळं या माळेच्या वर ठेवायचं.

रात्री सामान लावतानाच सकाळची पिशवी भरून दाराशी ठेवावी. मुलांच्या पोहण्याच्या कपड्यांचा रंग आत्ताच तपासावा. फिकट निळा आणि पांढरा पाण्यात अक्षरशः विरघळून जातो. भडक केशरी, पोपटी किंवा चमकदार गुलाबी रंग लांबूनही दिसतो. इतक्या साध्या गोष्टीनं इतका फरक पडतो, आणि दुकानात मात्र मुलांचे बरेचसे कपडे निळेच असतात.

शनिवार, सकाळ

सातला उठून साडेसातला हलका नाश्ता. पोटभर खाऊन लगेच पाण्यात उतरलं की पेटके येऊन माणूस बुडतो, ही समजूत जुनी आहे आणि तिला भक्कम आधार नाही. पण लाटांत उड्या मारताना भरल्या पोटी मळमळतं हे खरं, त्यामुळे जेवण पाण्यातून आल्यावर. मुलांवर लक्ष ठेवणाऱ्या मोठ्यांनी मात्र मद्य घेतलेलं नसावं.

सनस्क्रीन खोलीतच लावावं, पाण्यात उतरण्याआधी १५ ते २० मिनिटं. किनाऱ्यावर गेल्यावर अंगाला वाळू चिकटते, मुलं उभी राहत नाहीत आणि मलम जागोजागी सुटतं. एसपीएफ ३० किंवा जास्त, पाण्यात टिकणारं. लोक चुकतात ते प्रमाणात. मोठ्या माणसाच्या सगळ्या अंगाला साधारण ३० ते ३५ मिलिलिटर लागतं. चेहरा आणि मान यांसाठी दोन बोटांवर लांब रेघ पिळून घ्यावी, तेवढं. कानांच्या पाळ्या, मानेची मागची बाजू, पावलांचा वरचा भाग आणि गुडघ्यांची मागची बाजू या चार जागा हमखास राहतात, आणि संध्याकाळी लाल होतात त्याही याच. दर दोन तासांनी आणि प्रत्येक वेळी टॉवेलनं अंग पुसल्यावर पुन्हा लावावं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मलमापेक्षा सावली आणि पूर्ण बाह्यांचे कपडे. मोठ्या मुलांनाही लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घातला की निम्मं काम संपतं.

साडेआठला किनाऱ्यावर. पाणी निम्मं भरलेलं आहे आणि चढतं आहे. इथे एक हिशोब माहीत असलेला बरा. सहा तासांच्या भरतीत पाणी सारख्या वेगानं चढत नाही. एकूण चढ बारा भागांत मोजली तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येतं. आपल्या ३ मीटरच्या भरतीत या काळात तासाला ७५ सेंटिमीटर पाणी चढतं आणि ५० मीटरला १ मीटर उताराच्या किनाऱ्यावर काठ तासाभरात ३७ मीटर पुढे सरकतो. मिनिटाला अर्ध्या मीटरहून जास्त. साडेआठला पाण्याच्या काठाशी अंथरलेली चटई पावणेनऊला तरंगते ती यामुळे. चटई काल पाहिलेल्या माळेच्या वर ठेवावी, पाण्यापर्यंत सत्तर पावलं चालावी लागली तरी.

पाण्यात उतरण्याआधी पाच मिनिटं नुसतं उभं राहून लाटा बघाव्यात आणि झेंडे बघावेत. वर लाल आणि खाली पिवळा अशा दोन पट्ट्यांचा झेंडा म्हणजे जीवरक्षकाची नजर असलेली जागा. असे दोन झेंडे असतील तर त्यांच्या मधेच उतरावं. नुसता पिवळा म्हणजे जपून, नुसता लाल म्हणजे धोका जास्त, मुलांनी उतरायचंच नाही. जांभळा झेंडा जेलीफिशसारख्या डंख करणाऱ्या जिवांसाठी असतो. झेंड्यांचा अर्थ देशागणिक थोडा बदलतो, म्हणून जीवरक्षकाला एकदा विचारून घ्यावं. तोच त्या किनाऱ्याला रोज बघत असतो.

पाण्याची ओढ ओळखणं हे या सगळ्या सहलीतलं सगळ्यात महत्त्वाचं कसब. बघणाऱ्याला फसवते ती तिची शांतता. दोन्ही बाजूंना लाटा फुटून पांढरा फेस होतो आहे आणि मधे एक पट्टा गडद, सपाट, जवळजवळ लाटाच नसलेला आहे. घाबरलेल्या मुलाला घेऊन आई-वडील नेमके तिथेच जातात, कारण तिथे लाटा अंगावर येत नाहीत. पण लाटा तिथे फुटत नाहीत, याचं कारण पाणी खोल आहे आणि ते बाहेर चाललं आहे. फेस, वाळू किंवा शेवाळ समुद्राच्या दिशेनं वाहत जाताना दिसलं की खात्री पटते. अशा प्रवाहाचा वेग कधी सेकंदाला २ मीटरच्याही वर जातो, म्हणजे पट्टीचा पोहणाराही त्याच्या विरुद्ध जाऊ शकत नाही. बहुतेक वाळूच्या किनाऱ्यांवर ही ओढ ओहोटीच्या आसपास जास्त असते, आणि म्हणूनच मुलांच्या डुंबण्याला चढत्या पाण्याची वेळ धरली आहे. कुणी सापडलंच तर किनाऱ्याकडे हात मारत दमू नये. पाठीवर तरंगावं, हात वर करून मदत मागावी, आणि पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर जाऊन ओढीच्या बाहेर पडावं. ओढ माणसाला खाली नेत नाही, बाहेर नेते. बुडतो तो विरुद्ध पोहून दमलेला माणूस. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना हे वाळूत काठीनं चित्र काढून दाखवावं. त्यांना ते चांगलं कळतं आणि लक्षातही राहतं.

फुगवायच्या खेळण्यांबद्दल स्पष्ट बोलायला हवं. रबरी हंस, होडी, चकती समुद्रात नेऊच नये, ती तलावात ठीक आहेत. सकाळी जमीन गार असते आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असतो. हेच मतलई वारे. त्या वाऱ्यानं काठाजवळचं पाणी आरशासारखं सपाट दिसतं आणि मनात भीती येत नाही, पण फुगवलेल्या होडीला तोच वारा शिडासारखा ढकलतो. पाणी कमरेइतकं असतानाच ती होडी धावणाऱ्या माणसाच्या पुढे जाते. दुपारी खारे वारे सुटले की दिशा उलटी होते, तेव्हा होडी काठाला येते पण लाटा वाढलेल्या असतात. दंडावर घालायचे फुगेही जीव वाचवायचं साधन नव्हेत, ते निसटतात आणि त्यातली हवा जाते. खरं लाइफ जॅकेट घ्यावं, मांड्यांमधून पट्टा जाणारं. पट्टे आवळून झाल्यावर दोन्ही खांद्यांना धरून ते वर उचलावं. जॅकेट मुलाच्या हनुवटीवर किंवा कानांपर्यंत सरकलं तर ते मोठं आहे.

लक्ष ठेवायची पाळी ठरवून घ्यावी. चार मोठी माणसं किनाऱ्यावर असली की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतो आहे. एका वेळी एकच जण, पंधरा मिनिटं, मोबाइल पिशवीत, आणि पाळी देताना तोंडानं सांगायचं: ‘आता तू.’ पाच वर्षांखालच्या मुलाजवळ मोठं माणूस हात पुरेल इतक्या अंतरावर, म्हणजे पाण्यातच. बुडणारं मूल ओरडत नाही आणि हातही हलवत नाही. तोंड पाण्याच्या पातळीला, डोकं किंचित मागे, अंग उभं, शिडी चढल्यासारखे हात. हे सगळं मिनिटाच्या आत संपतं. हसणं-ओरडणं ऐकू येत होतं आणि एकदम शांत झालं, की आधी तिकडे बघावं.

आणखी एक. लाटा किनाऱ्याला तिरक्या येत असतील तर खेळणारी मुलं नकळत एका बाजूला सरकत जातात. दहा मिनिटांत ती काल हेरलेल्या पट्टीच्या बाहेर, कदाचित घळीच्या दिशेनं गेलेली असतात. कालच्या झाडाच्या समोर त्यांना परत आणत राहावं. वीस-पंचवीस मिनिटांनी सगळ्यांना बाहेर बोलवावं. पाणी हवेच्या कितीतरी पट वेगानं अंगातली उष्णता काढून घेतं, आणि लहान अंग लवकर गारठतं. ओठ निळसर झाले, दात वाजू लागले तर मूल ‘मला थंडी नाही’ म्हणत असलं तरी बाहेर काढावं, कोरडं करावं, पाणी पाजावं.

साडेदहाला आवरतं घ्यावं. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की ऊन कडक झालं, हा नियम कुठल्याही देशात चालतो. ढग असले तरी फसू नये, पातळ ढगांतून बहुतांश अतिनील किरणं खाली येतात. छत्रीच्या सावलीतही कोरड्या वाळूवरून परतलेली किरणं खालून लागतातच.

शनिवार, दुपार

अंघोळ गोड्या पाण्यानं, आणि मांड्यांचे सांधे, काखा, मानेच्या वळ्या यांतली वाळू नीट धुऊन. मीठ आणि वाळू घासून दुसऱ्या दिवशी जी कातडी सोलपटते ती इथल्या आळसामुळे. कोरड्या अंगाला चिकटलेली वाळू झटकण्याआधी थोडी पावडर भुरभुरावी, वाळू सुटून येते. कानात पाणी गेलं असेल तर मान कलती करून पाळी हलकेच ओढावी. कापसाची काडी घालू नये.

जेवण, मग झोप. बाबागाडीवर कापड टाकून बाळाला बाहेर झोपवू नये, आतली हवा कोंडून गाडी तापते.

तीननंतर तलाव, तोही सावलीच्या बाजूला. उतरण्याआधी वाकून बघावं: तळाची जाळी स्पष्ट दिसते का, ती घट्ट बसलेली आहे का. जाळी तुटलेली असेल तर पाणी ओढणाऱ्या तोंडाशी लांब केस ओढले जातात, म्हणून मुलींचे केस बांधून टोपीत. तळ धूसर दिसत असेल तर उतरूच नये. आणि नाकात शिरणारा ‘क्लोरीनचा वास’ स्वच्छतेची खूण नव्हे. क्लोरीन घामाशी आणि लघवीशी मिसळलं की होणाऱ्या क्लोरामाइनचा तो वास, डोळे चुरचुरतात तेही त्यानंच. नीट राखलेल्या तलावाला फारसा वास येत नाही. म्हणून आधी अंग धुणं आणि तासातासानं मुलांना बाहेर काढून लघवीला नेणं. ज्या मुलाला जुलाब होत आहेत त्याला तलावात अजिबात सोडू नये. क्रिप्टोस्पोरिडियमसारखे परजीवी क्लोरीनच्या पाण्यातही आठवड्याहून जास्त तग धरतात.

शनिवार, संध्याकाळ

साडेचार. पाणी बरंचसं उतरलं आहे आणि मागे ओलसर, घट्ट वाळू सुटलेली आहे. किल्ल्याची वेळ हीच. पाणी दूर चाललं आहे, त्यामुळे रात्रीपर्यंत काम टिकतं.

वाळूचे कण एकमेकांना धरतात ते त्यांच्यामधल्या पाण्याच्या पातळ पडद्यानं. पाणी कमी पडलं तर पडदाच नाही, जास्त झालं तर कण सुटे होऊन वाहतात. आठ बादल्या कोरड्या वाळूला एक बादली पाणी हे चांगलं प्रमाण. हातात मूठभर घेऊन दाबावी, चेंडू करावा, तळहातावर लोळवावा. तो फुटला नाही आणि बोटांतून पाणीही गळलं नाही, तर वाळू तयार. बादली तीन थरांत भरावी आणि प्रत्येक थर मुठीनं ठोकावा. तोंडापर्यंत एकदम भरून उपडी केली की मधे पोकळ्या राहतात आणि बुरूज कमरेत मोडतो. उपडी घातल्यावर बुडाला चार थापा, मग बादली किंचित फिरवत सरळ वर. कोरीवकाम वरून खाली करावं, म्हणजे पडणारी वाळू झालेल्या भागावर पडत नाही. प्लास्टिकच्या सुरीपेक्षा बोथट चमचा बरा. वारा असेल तर मधूनमधून पाणी शिंपडावं, पडदा सुकला की कडा ढासळू लागतात.

खड्ड्यांबद्दल मात्र कडक राहावं. बसणाऱ्या सगळ्यांत लहान मुलाच्या गुडघ्यापेक्षा खोल खड्डा नको, आणि आडवं भुयार तर मुळीच नको. वाळू एका क्षणात ढासळते, आवाज न करता, आणि छातीवर पडलेली ओली वाळू इतकी जड असते की श्वास घेता येत नाही. वर उभे असलेले लोक खणायला धावतात तसतशी कडेची वाळू आणखी आत येते. जाताना प्रत्येक खड्डा बुजवावा.

रात्री झोपण्याआधी उद्याचं सामान भरून ठेवावं. रविवारी भरती १२:३५ ला आहे आणि खोली बहुधा ११ किंवा १२ ला सोडायची असते. सकाळ मोकळी हवी असेल तर आवराआवर आजच. त्याच वेळी स्वागतकक्षात विचारावं: खोली सोडल्यावर अंग धुवायला जागा मिळेल का? बऱ्याच रिसॉर्टमध्ये तलावापाशी ती असते, फक्त कुणी सांगत नाही.

रविवार

सहाच्या आधी खडकांवर. ओहोटी ६:२५ ला आहे, पण तेव्हा पोचून उपयोग नाही. अर्धा-पाऊण तास आधी जावं, पाणी उतरत असतानाच त्याच्या मागे जात राहावं, आणि ओहोटीची वेळ झाली की मागे फिरायला सुरुवात करावी. खडकाच्या पुढच्या टोकावर मुलं रमलेली असताना मागच्या खळग्यात पाणी भरतं आणि परतीची वाट तुटते.

पायात पट्ट्याचे, घट्ट बसणारे बूट. हिरव्या शेवाळ्यावर पाय ठेवू नये, खरखरीत करड्या कवचांवर ठेवावा. डबक्याशी वाकताना आपली सावली पाण्यावर पडू न देता मिनिटभर स्थिर बसावं. आधी काहीच दिसत नाही. मग एक शिंपला चालू लागतो, म्हणजे त्यात खेकडा आहे. दगड उलटला तर तसाच अलगद परत ठेवावा, खालचे जीव उन्हात काही मिनिटांत सुकतात. आत जीव असलेला शंख उचलू नये. उष्ण समुद्रांतल्या निमुळत्या, नक्षीदार शंखांपैकी काहींचा डंख माणसाला मारू शकतो, आणि मुलांच्या डोळ्यांत भरतात ते नेमके तेच.

वाळूवर पडलेल्या जेलीफिशलाही हात लावू नये, मेली तरी तिचे डंख जिवंत असतात. डंख झालाच तर समुद्राच्याच पाण्यानं धुवावं, गोड्या पाण्यानं नाही. तंतू चिमट्यानं काढावेत, वाळूनं चोळू नये. नंतर सोसेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांच्या आत, वीस ते चाळीस मिनिटं तो भाग बुडवावा. पाण्याची उष्णता मोठ्या माणसानं आधी स्वतःच्या हातावर बघावी. व्हिनेगर सगळ्याच जातींना चालत नाही, ते स्थानिक जीवरक्षकाला विचारून. श्वास लागला, चेहरा सुजला, उलट्या झाल्या तर थेट दवाखाना.

सव्वासातला आणखी एक किल्ला, पण या वेळी पाण्याच्या वाटेत. चढती भरती येते आहे, तिला किती वेळ अडवता येतं हा खेळ. भिंत सरळ बांधली तर पहिली लाट तिला खालून पोखरते. पुढे उताराची, मागे जाड, आणि पाण्याला बाजूला वळवणारे दोन चर काढले तर ती बराच वेळ टिकते. कालच्या गणितातला दुसरा तास आणि तिसऱ्याची सुरुवात इथे मुलांना डोळ्यांनी दिसते.

पावणेनऊ ते सव्वादहा पाण्यात, कालच्याच पट्टीत, कालच्याच पाळीनं. मग बाहेर.

ओले कपडे पिळून जाळीच्या पिशवीत, ती पिशवी गाडीत सगळ्यांत वर. बंद प्लास्टिकमध्ये ठेवले तर घरी पोचेपर्यंत कुबट वास धरतात. गाडीची इलेक्ट्रॉनिक किल्ली आणि मोबाइल किनाऱ्यावर नेलेच असतील तर गोड्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं पुसून कोरडे करावेत. घरी गेल्यावर बॅगांच्या चेनी, छत्रीचे सांधे, लाइफ जॅकेटचे पट्टे गोड्या पाण्यानं धुऊन सावलीत वाळवावेत. सुकलेलं मीठ हवेतला ओलावा ओढत राहतं आणि धातू आतून गंजतो.

गाडीत मुलांना बसवण्याआधी त्यांच्या सीटच्या बकलमध्ये वाळू गेली आहे का बघावं. लावताना ‘टक्’ असा आवाज यायला हवा आणि पट्टा जोरात ओढला तरी सुटता कामा नये. आवाज येत नसेल तर तेल घालू नये, त्यानं वाळू आणखी चिकटते. बाटलीतल्या स्वच्छ पाण्याची धार सोडून, लाल बटण दहा-बारा वेळा दाबून सोडून वाळू बाहेर काढावी, पुन्हा ‘टक्’ ऐकावं, आणि मगच गाडी सुरू करावी.